आप्पांच्या सावकारीच्या प्रश्नावर

केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स
९ ऑगस्ट

ती. आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "का रे, मास्तरकी सोडून आता सावकारी करशीन का?" तेव्हा हसलो, पण रात्री झोप लागेना.

पीक बुडालं तरी सावकाराचं व्याज थांबत नाही. प्राध्यापकी सोडून मी ज्या गुंतवणूक संस्थेत गेलो, ती नव्या औषधांच्या कंपन्यांत पैसा घालते, म्हणजे आम्ही बटाईवाले. प्राध्यापकाचं संशोधन, आमचा पैसा, कंपनीत दोघांचा वाटा. बुडाली तर आमचंही गेलं. आणि बुडतातच. माणसांवर चाचणी सुरू झालेल्या दहा औषधांतली नऊएक बाजारापर्यंत पोचत नाहीत. पोचतं त्यालाही दहा-बारा वर्षं लागतात. कंदाची केळी दीड वर्ष घ्यायची तेव्हा तुम्ही केवढे वैतागायचात! पैसाही माझा नाही, पेन्शन फंडांचा नि विद्यापीठांचा आहे. हे चावडीवर जरूर सांगा, नाहीतर फैजपूरपर्यंत भलतीच बातमी जायची.

आईच्या फ्रीजमधलं इन्सुलिन याच वाटेनं आलं. १९७६ मध्ये हर्बर्ट बॉयर हे प्राध्यापक आणि रॉबर्ट स्वान्सन हा तरुण गुंतवणूकदार, दोघांनी पाच-पाचशे डॉलर घालून जेनेन्टेक ही कंपनी काढली. जिवाणूकडून माणसाचं इन्सुलिन करून घेतलं, १९८२ मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. त्याआधी ते डुकरांच्या नि गाईंच्या स्वादुपिंडातून काढत. (माळकरी मोठ्या आईला हे कधी कळलं नाही, बरंच झालं.)

विद्यापीठात आठवड्यातला एक दिवस बाहेर सल्ला द्यायची मुभा होती. त्या एका दिवसानं बाकीचे चार खाल्ले. आता माझं काम म्हणजे छापून आलेल्या प्रयोगावर संशय घेणं. अ‍ॅम्जेन या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरची ५३ गाजलेली संशोधनं पुन्हा करून पाहिली, २०१२ मध्ये आकडा छापला: जुळली फक्त ६. लबाडी असतेच असं नाही. हवं ते दिसावं म्हणून डोळे आपोआप बारीक होतात. माझेही व्हायचे. म्हणून पैसे देण्याआधी आम्ही तोच प्रयोग तिसऱ्याच प्रयोगशाळेत करून घेतो, आणि दिले तरी हप्त्यांनी.

गेल्या महिन्यात एका तरुण प्राध्यापिकेचा प्रयोग असा जुळला नाही. नकार मलाच कळवायचा होता. आठ वर्षांपूर्वी मला नकार देणाऱ्यानं साधा फोनही केला नव्हता, दोन ओळींची मेल आली होती. मी तिला फोन केला, तासभर बोललो. ती रडली नाही, उलट माझ्याच आकडेमोडीतली एक चूक दाखवली. चूक खरी होती, निर्णय मात्र बदलला नाही.

डिसेंबरात येतो. भरिताची वांगी तेव्हा असतीलच.

केळीच्या पानांवर पिवळे पट्टे दिसतात म्हणालात, तो सीएमव्ही, म्हणजे विषाणूचा रोग, वाटतो. त्यावर फवारा नाही. फवारायचं ते रोग पसरवणाऱ्या माव्यावर. रोगट झाडं मुळासकट उपटून पुरा, दोन दिवस बघू म्हणू नका. आणि बांधावरचे भोपळ्याचे, काकडीचे वेल काढा, तिथंही तोच रोग राहतो. आई रागावली तर माझं नाव सांगा.

तुमचा,
बापू