ड्रम मशीन घेताना आधी घरे मोजा

महोदय,

गणपती जवळ आले की आमच्या गुहागरकडच्या जाखडी नाचाच्या मंडळांत ड्रम मशीन, म्हणजे तालवाद्यांचे आवाज वाजवणारे यंत्र, घेण्याची चर्चा सुरू होते. मी वीस वर्षे मृदंग वाजवतो, तीन वर्षे ड्रम मशीनही वापरतो, म्हणून लिहितो.

पहिले यंत्र मी आतल्या शेकडो आवाजांना भुलून घेतले. त्याच्या सिक्वेन्सरचा (ठेका भरून ठेवण्याच्या सोयीचा) पॅटर्न, म्हणजे फिरून फिरून वाजणारा ठेका, कायम १६ घरांचा; एकेका घरात ठोका भरायचा किंवा ते रिकामे सोडायचे. मात्रेला दोन घरे धरली की ८ मात्रांचा केरवा ताल चपखल बसे. दादरा ६ मात्रांचा, त्याला १२ घरे पुरतात. उरलेली ४ घरे रिकामी वाजत आणि नाचणाऱ्यांची पावले चुकत. ऐन जागरणाच्या रात्री हे झाले. पोरांची उतरलेली तोंडे मला अजून आठवतात. तेव्हा पॅटर्नची लांबी बदलता येते का, हे दुकानातच दादरा भरून पाहा.

रोलँड कंपनीचे १९८० चे टीआर-८०८ हे ड्रम मशीन गाजले, पण त्याचे आवाज सर्किटमधून घडतात. त्यात आपली थाप कुठून येणार? सॅम्पलिंगचे, म्हणजे आपण रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणारे, यंत्र घ्या. मी माझ्याच मृदंगाची थाप हलकी, मध्यम, जोरकस अशी वेगवेगळी रेकॉर्ड करून भरली. यंत्राच्या पॅडला, म्हणजे बोटाने वाजवायच्या बटणाला, बोटाचा जोर कळला पाहिजे, नाहीतर थाप मेल्यासारखी वाजते. रेकॉर्डिंग पावसाआधी उरका. दमट हवेत मृदंगाची पुडी (कातडे) सैल पडते, आवाज बसतो. आणि यंत्र बॅटरीवर चालणारेच हवे, आमच्याकडे वीज केव्हाही जाते.

– एक मृदंगवादक, गुहागर तालुका