पिल्लू घेताना त्याची आई दाखवायला सांगा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा शेजारच्या इमारतीतलं एक जोडपं घरी आलं होतं. मुलीचा वाढदिवस जवळ आलाय, तिला लॅब्रॅडोरचं पिल्लू द्यायचंय, काका, चांगलं दुकान सुचवा, असं म्हणाले. मी त्यांना बसवलं, चहा दिला आणि दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात जे घडलं ते सांगितलं. ते आपल्या वाचकांनाही कळावं म्हणून हे पत्र.

मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, म्हणजे सरकारी छापखान्यात, 34 वर्षं नोकरी केली. तिथं कागदाच्या एकेका तावाचा हिशेब लागतो. मोजणी जुळेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही, ही अंगवळणी पडलेली शिस्त. आणि तरीही नातीच्या सातव्या वाढदिवसाला एका दुकानातून नऊ हजार रुपये मोजून पिल्लू आणलं तेव्हा मी एक कागद नीट पाहिला नाही. याची खंत आजही आहे.

काचेच्या कपाटात वर्तमानपत्राचे कपटे पसरले होते आणि त्यावर चार पिल्लं एकमेकांच्या अंगावर झोपली होती. दुकानदार म्हणाला, दोन महिन्यांचं आहे, पहिली लस झालेली आहे. लसीच्या पुस्तिकेत तारीख होती. पण बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं नव्हतं, डॉक्टरची सही नव्हती, शिक्का नव्हता. हे मला नंतर कोणी दाखवलं तेव्हा दिसलं. नातीनं मात्र तिथंच विचारलं होतं, 'हिची आई कुठंय?' 'ती फार्मवर असते,' एवढंच उत्तर मिळालं. मला तेवढ्यावर समाधान झालं. सात वर्षांच्या मुलीला जे सुचलं ते मला सुचायला हवं होतं.

पिल्लाचं नाव कुकी ठेवलं. तिसऱ्या दिवशी तिनं खाणं सोडलं. चौथ्या दिवशी पहाटे उलट्या सुरू झाल्या आणि दुपारपर्यंत रक्ताचे जुलाब. त्याचा एक वेगळाच वास असतो, घरभर राहतो. डॉक्टरांनी तपासणी केली, पार्व्हो निघाला, म्हणजे पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार. त्यांनी कुकीचं तोंड हलकेच उघडून मला मागच्या हिरड्या दाखवल्या. दुधाच्या शेवटच्या दाढा अजून पुरत्या फुटल्याही नव्हत्या. 'काका, हे दोन महिन्यांचं नाही, पाच-सहा आठवड्यांचं असेल,' त्या म्हणाल्या. तीन दिवस सलाईन लावलं. माझ्या अंगठ्याएवढा तिचा पाय, त्यात सुई, वर चिकटपट्टी. मी तो पाय धरून बसायचो, कारण तिनं झटका दिला की सुई निघायची. सातव्या दिवशी पहाटे माझ्या मांडीवरच ती गेली. औषधपाण्याला 14 हजार लागले ते सोडा, पण नातीला काय सांगायचं ते आम्हा चार मोठ्या माणसांना समजेना.

नंतर डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. आईच्या पहिल्या चिकातून पिल्लाला जे संरक्षण मिळतं ते काही आठवड्यांत ओसरत जातं. म्हणून लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत द्यावी लागते. तोवर त्याला अनोळखी कुत्र्यांपासून जपायचं. आणि नेमक्या याच दिवसांत ठिकठिकाणची पिल्लं आईपासून तोडून एका काचेमागे आणून ठेवली जातात. एकाला लागण असली की बाकीच्यांचा निभाव लागणं कठीण.

याला नियम नाहीत असं नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारनं 2017 मध्ये श्वान प्रजनन आणि विक्रीचे, तर 2018 मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे नियम केले. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. कुत्री दीड वर्षाची झाल्याशिवाय तिची वीण घ्यायची नाही, वर्षाला एकच वेत, आणि उभ्या आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाहीत. पैदास करणाऱ्यानं आणि दुकानदारानं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. आमच्या कुकीच्या बाबतीत यातलं वयाचंच बंधन पाळलेलं नव्हतं, मग बाकीचं काय सांगावं. कुकी गेल्यावर मी शहरातली आणखी काही दुकानं पायाखाली घातली. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं मला एकाही ठिकाणी दिसलं नाही. मागितलं तर 'मालक आल्यावर या' असं सांगितलं.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट बजावली. पार्व्होचा विषाणू फरशीच्या फटीत, अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो. साध्या फिनाइलनं तो मरत नाही, ब्लीचिंगचं पाणी लागतं. तेव्हा वर्षभर तरी घरात नवं पिल्लू आणू नका. आणायचंच असेल तर मोठं, लसी पूर्ण झालेलं जनावर आणा. या एका वाक्यामुळे आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाच्या प्राणी निवाऱ्यात गेलो. खरं सांगतो, तोवर मला वाटायचं की तिथं अपघातात सापडलेली, चावरी, रस्त्यावरची कुत्रीच असणार.

तिथं रस्त्यावरची कुत्री होतीच, आणि बहुतेक शेपटी हलवत जाळीशी आली. पण लॅब्रॅडोर होते, पामेरियन होते, उन्हानं धापा टाकणारा एक हस्कीसुद्धा होता. नाशिकचा एप्रिल-मेचा पारा चाळिशी ओलांडतो, तिथं बर्फातलं हे जनावर हौसेनं घ्यायचं आणि झेपेनासं झालं की सोडून द्यायचं. जनावराला उपाशी-तहानलेलं मरायला सोडून देणं हा त्याच 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड मात्र 10 ते 50 रुपये! कित्येक दशकांपूर्वी ठरवलेला आकडा तसाच राहिला आहे.

कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून एक पिवळसर लॅब्रॅडोर कुत्री बसली होती. सिन्नर फाट्याजवळ कोणीतरी खांबाला बांधून गेलं होतं म्हणे. वय अंदाजे सहा. तिची नखं इतकी वाढली होती की वळून पंजाच्या गादीत रुतत होती, कारण पिंजऱ्यातल्या कुत्र्याची नखं झिजत नाहीत, ती झिजायला चालावं लागतं. कोपरांवर घट्टे पडले होते. आणि पोटाखाली सड लोंबत होते, एकामागून एक वेतं घेतलेल्या जनावराचे. मी तिच्याकडे पाहिलं आणि नातीचा प्रश्न आठवला. कुकीचीच आई ती नव्हे, पण 'फार्मवर असते' म्हणून सांगतात ती आई अशी असते. वीण थांबली की तिला खायला घालणं परवडत नाही.

तिथली मुलं तिला आक्का म्हणायची. आम्हीही तेच नाव ठेवलं. नसबंदी, रेबीजची आणि इतर लसी, जंताचं औषध हे सगळं निवाऱ्यानं केलेलं होतं. आमच्याकडून त्यांनी ओळखपत्र घेतलं, अर्ज लिहून घेतला, घर पाहून गेले, आणि जमलं नाही तर परत इथंच आणून द्यायची, रस्त्यावर सोडायची नाही, असं लेखी घेतलं. पैसे मागितले नाहीत. आम्ही खुशीनं दिले.

सगळं सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. पहिले तीन आठवडे आक्का पलंगाखालून बाहेर येत नव्हती. घरात घाण करायची. जिना कसा उतरायचा हेच तिला ठाऊक नव्हतं, मी एकेका पायरीवर पोळीचा तुकडा ठेवत खाली यायचो. सोसायटीत एक-दोघांनी कुरबुर केली. महिन्यानंतर एका संध्याकाळी नात अभ्यास करत होती, आक्का आपणहून बाहेर आली आणि तिच्या पायावर हनुवटी टेकून बसली. नातीनं मग तासभर पाय हलवला नाही. मुंग्या आल्या तरी नाही. आता रोज सकाळी आम्ही दसकच्या घाटापर्यंत जाऊन येतो आणि नखं आपोआप झिजतात.

महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला माझी विनंती आहे की दुकानांची तपासणी व्हावी, नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावायला भाग पाडावं आणि विक्रीच्या पावतीवर पिल्लाची जन्मतारीख व पैदास करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक यावा. आपल्या वार्ताहरांनीही हा विषय धरून ठेवावा. आणि ज्यांना विकतच घ्यायचं आहे त्यांनी निदान पिल्लाची आई पाहायला मागावी. प्रत्यक्ष, ती राहते त्या जागी जाऊन. जो दाखवणार नाही त्याच्याकडून घेऊ नये.

ते शेजारचं जोडपं रविवारी माझ्याबरोबर निवाऱ्यात येणार आहे. मुलीलाही आणा, म्हटलं, सरप्राइज नको, तिचं तिला निवडू द्या. तिथं एक काळा गावठी कुत्रा आहे, तीन-चार वर्षांचा, नसबंदीची खूण म्हणून एका कानाला खाच आहे. लेकरांत अतिशय शांत. काळा म्हणून दोन वर्षं कोणी नेला नाही. मी त्यांना आधी त्याच्याकडेच घेऊन जाणार आहे.

आपला,
एक निवृत्त प्रेस कामगार
जेलरोड, नाशिकरोड