डबल मार्कर अहवालात गर्भाचे वय चुकीचे धरल्याबाबत व तो अहवाल परस्पर बदलल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
पॅथॉलॉजी प्रयोगशाळा, मुख्य कार्यालय

संदर्भ : १७ मार्च रोजीचा अहवाल व त्याच क्रमांकाने २६ मार्च रोजी ॲपवर आलेला दुसरा अहवाल

महोदय,

माझे वय ३१ असून मी पहिलटकरीण आहे. १४ मार्च रोजी सकाळी सोनोग्राफी करून त्याच दुपारी आपल्या संकलन केंद्रावर मी डबल मार्कर चाचणीसाठी, म्हणजे गर्भात डाउन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा दोष असण्याची शक्यता किती हे सांगणाऱ्या चाचणीसाठी, रक्त दिले. १७ मार्चच्या संध्याकाळी आलेल्या अहवालात डाउन सिंड्रोमची जोखीम १४० मध्ये १ अशी लाल अक्षरांत छापलेली होती आणि २५० मध्ये १ या मर्यादेपेक्षा ती जास्त असल्याने 'हाय रिस्क' असा शेरा होता.

रक्तातील प्रथिने मोजताना चूक झाली, असे माझे म्हणणे नाही. चूक त्यानंतरच्या हिशोबात आहे. पॅप-ए आणि फ्री बीटा एचसीजी ही वारेत तयार होऊन आईच्या रक्तात उतरणारी प्रथिने असून त्यांचे प्रमाण या दिवसांत झपाट्याने बदलत असते. म्हणून नुसत्या आकड्याला अर्थ नसतो, तेवढ्याच दिवसांच्या गरोदर स्त्रियांच्या मध्यकाशी त्याची तुलना करून एमओएम, म्हणजे तो आकडा मध्यकाच्या किती पट आहे, हे काढावे लागते. ही तुलना कोणत्या दिवसाशी केली, यावर सगळे अवलंबून आहे. आपल्या अहवालात ती शेवटच्या पाळीच्या तारखेवरून, म्हणजे १० डिसेंबरपासून मोजून, १३ आठवडे ३ दिवसांशी केलेली आहे. माझी पाळी मुळातच अडतीस-चाळीस दिवसांनी येते, आणि त्या सकाळच्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी, म्हणजे सीआरएल, ५४ मिलीमीटर भरली होती, जी १२ आठवड्यांच्या गर्भाची असते.

या दहा दिवसांचा परिणाम दोन्ही प्रथिनांवर एकाच दिशेने झाला. पॅप-ए या काळात वाढत जाते, त्यामुळे साडेतेरा आठवड्यांच्या मानाने माझे प्रमाण खूपच कमी, ०.४८ एमओएम दिसले. फ्री बीटा एचसीजी उतरत जाते, त्यामुळे ते १.७२ एमओएम, म्हणजे जास्त दिसले. पॅप-ए कमी आणि बीटा जास्त, हेच तर डाउन सिंड्रोमच्या गर्भधारणेत आढळणारे चित्र! मी बँकेत नोकरी करते. वैद्यकातले मला फारसे कळत नाही, परंतु तारीख चुकली की पुढचे सगळे व्याज चुकते, एवढे नक्की कळते.

सीआरएल आपल्याला कळवलेच नव्हते, असे ग्राहक सेवा केंद्रातून मला दोनदा सांगण्यात आले. माझ्या डॉक्टरांनी मागणी अर्जावर निळ्या शाईने 'सीआरएल ५४, एनटी १.३' असे स्पष्ट लिहिले होते (एनटी म्हणजे सोनोग्राफीत मोजलेली, गर्भाच्या मानेमागील द्रवाच्या थराची जाडी). संकलन केंद्रावरील मुलाने माझ्यासमोर त्या अर्जाचा मोबाइलवर फोटो काढला, आणि तो फोटो आजही आपल्याच ॲपमध्ये माझ्या खात्यावर आहे. खालच्या कोपऱ्यावर त्याचा अंगठा आला आहे, पण हे दोन्ही आकडे अंगठ्याच्या वर आहेत. तरीही अहवालात सीआरएलचा रकाना कोरा असून एनटीपुढे 'विचारात घेतलेले नाही' असे छापले आहे.

पुढचे नऊ दिवस आमच्या घरी कसे गेले ते येथे लिहीत नाही. वारेचा तुकडा तपासायचा की पंधरा आठवडे उलटेपर्यंत थांबून गर्भजल काढायचे, याची चर्चा झाली. दोन्हींत गर्भपाताचा थोडा का होईना धोका असल्याने शेवटी १९ मार्च रोजी १६,५०० रुपये भरून आम्ही एनआयपीटीसाठी, म्हणजे आईच्या रक्तात उतरलेल्या गर्भाच्या डीएनएच्या तपासणीसाठी, रक्त दिले. पॅप-ए इतके कमी असेल तर पुढे रक्तदाब वाढण्याची आणि बाळाची वाढ खुंटण्याची शक्यता धरावी लागते, म्हणून ॲस्पिरिन सुरू करण्याचाही विषय निघाला. अहवाल नीट वाचल्यावर गर्भाच्या वयातील तफावत डॉक्टरांच्याच लक्षात आली आणि त्यांनी आपल्याकडे लेखी विचारणा केली.

त्यानंतर २६ मार्च रोजी ॲपवर नवा अहवाल आला. त्यात १२ आठवडे, पॅप-ए ०.७५, फ्री बीटा एचसीजी १.३५ आणि एनटी धरून जोखीम २,४०० मध्ये १ अशी नोंद आहे. एनआयपीटीचा निकालही नंतर कमी जोखमीचा आला. परंतु या नव्या अहवालावर 'सुधारित' हा शब्द कोठेही नाही, क्रमांक जुनाच आहे, दिनांकही १७ मार्चच आहे, आणि जुना अहवाल ॲपवरून नाहीसा झाला आहे. मी तो छापून ठेवला नसता, तर माझ्यापाशी काहीच पुरावा उरला नसता. वैद्यकीय प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ १५१८९ या मानकानुसार सुधारित अहवालावर तो सुधारित असल्याची व मूळ अहवालाची नोंद असणे आवश्यक असते. आपल्या अहवालाच्या माथ्यावर त्याच मानकानुसार एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेकडून मिळालेल्या मान्यतेचे चिन्ह छापलेले आहे.

माझ्या फाइलमध्ये आता एकाच क्रमांकाचे, एकाच दिनांकाचे दोन अहवाल आहेत. बाळंतपणाच्या वेळी कोणी नवे डॉक्टर फाइल उघडून ०.४८ हा आकडा खरा धरतील, ही मला खरी काळजी आहे. म्हणून पहिला अहवाल रद्द झाल्याचे व कोणत्या कारणाने झाला याचे पत्र, आपल्या जबाबदार पॅथॉलॉजिस्टच्या सहीनिशी, मला व माझ्या डॉक्टरांना द्यावे आणि दुसरा अहवाल 'सुधारित' अशा नोंदीसह पुन्हा द्यावा. डबल मार्करचे शुल्क व एनआयपीटीचा खर्च परत करावा. अर्जावर सीआरएल असूनही रकाना कोरा ठेवून जोखीम कशी काढली गेली, याचाही लेखी खुलासा मिळावा. तो रकाना भरल्याशिवाय संगणकाने जोखमीचा आकडाच देऊ नये, इतकी सोय करणे आपल्याला अवघड नसावे.

दोन्ही अहवाल, सोनोग्राफीचा अहवाल, मागणी अर्जाचा फोटो व पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपली विश्वासू,
(सही)