लिंकनचं पत्र आणि तुझी ५ सप्टेंबरची पंचाईत

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

हेडमास्तरांनी शिक्षक दिनाला तुला लिंकनचं 'ते' पत्र, म्हणजे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष लिंकन याने आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलं म्हणतात ते, वाचायला सांगितलंय म्हणतोस. खुशाल वाच. मराठी अनुवाद वसंत बापटांचा आहे, म्हटल्यावर सभागृह शांत होणारच. फक्त वाचून झाल्यावर छाती पुढे काढून 'अब्राहम लिंकन!' असं म्हणू नकोस. ते लिंकनने लिहिलं याला काडीचाही पुरावा नाही.

थोर माणसाचं म्हणून कुठलंही पत्र हातात आलं की आधी तारीख बघायची, मग ते कोणाला लिहिलं ते, आणि शेवटी मूळ कागद कुठे आहे ते विचारायचं. या पत्राला तारीख नाही, हेडमास्तरांना नाव नाही, शाळेला गाव नाही. निनावी हेडमास्तरांना इतकं लांबलचक पत्र कोण लिहील? लिंकनचं लेखन १९५३ साली आठ खंडांत छापलं, वर सूचीचा खंड वेगळा. दोन-दोन ओळींच्या चिठ्ठ्यासुद्धा त्यात घेतल्या आहेत. हे सगळं नेटवर फुकट आहे, शोधखिडकीही आहे. पत्रातलं इंग्रजी वाक्य टाकून बघ. शोधताना मराठीवरून स्वतः उलटं इंग्रजी करू नकोस, तसं केलंस तर खरं पत्रही सापडायचं नाही.

आता मुलगा कोणता ते बघ. लिंकनला चार मुलगे. एडी चार वर्षांचाही न होता १८५० मध्ये गेला. रॉबर्ट १८४३ चा. तो पहिल्यांदा शाळेत गेला तेव्हा बाप स्प्रिंगफील्डमधला वकील होता. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर विली आणि टॅड व्हाइट हाउसमध्येच शिकले, मास्तर घरी यायचे. विली १८६२ मध्ये वारला. राहिला टॅड. त्याचं पुस्तकांबद्दल मत फार वाईट होतं आणि शिस्तीबद्दल काही मतच नव्हतं, असं लिंकनचे सचिव जॉन हे यांनी लिहून ठेवलंय. बारा वर्षांचा होईतो त्याला धड वाचता येत नव्हतं आणि बापाने त्याचा फारसा बाऊही केला नाही. लिंकनचं स्वतःचं शालेय शिक्षण सगळं मिळून वर्षभराचंही नव्हतं, हे त्यानेच १८६० मध्ये लिहिलंय.

पत्राच्या जोडीला कोणीतरी लिंकनच्या अपयशांची यादी वाचेलच. इथे हरला, तिथे आपटला, आणि १८६० मध्ये एकदम राष्ट्राध्यक्ष! यादी करणाऱ्याने यशाची वर्षं तेवढी अलगद वगळली आहेत. १८३२ ची इलिनॉय राज्याची विधानसभा तो हरला, पण त्याच्या न्यू सेलम गावातल्या ३०० पैकी २७७ मतं त्यालाच पडली होती. १८३४ ला जिंकला, पुढे लागोपाठ आणखी तीनदा. १८४६ ला काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेला. १८४९ मध्ये उथळ पाण्यात अडकलेली बोट उचलायच्या युक्तीचं पेटंट मिळवलं, क्रमांक ६४६९. पेटंट नावावर असलेला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष तो एकटाच. अशा निकालपत्राला नापास म्हणायचं तर आपल्या अर्ध्या गावाने तोंड लपवावं.

लिंकनच्या जन्माच्या झोपडीची गंमत तर वेगळीच. केंटकीत हॉजनव्हिलला तिच्यासाठी ग्रॅनाइट-संगमरवराचं देऊळच बांधलंय, पायऱ्या ५६, आयुष्याच्या प्रत्येक वर्षाला एक. आतली झोपडी जागेत मावेना म्हणून ओंडके तासून ती लहान केली. आधी ही झोपडी सुटी करून गावोगाव प्रदर्शनात नेली होती, तेव्हा तिचे ओंडके जेफर्सन डेव्हिसच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या झोपडीच्या ओंडक्यांत मिसळले, असं सांगतात. डेव्हिस म्हणजे यादवी युद्धात समोरच्या बाजूचा अध्यक्ष! पुढे लाकडातली वर्षवलयं मोजली. सगळ्यात जुना ओंडका निघाला १८४८ चा. लिंकन तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता. आता तिथले लोकच तिला 'प्रतीकात्मक' म्हणतात.

उलट, थाप वाटते ती दाढीची गोष्ट खरी आहे. ग्रेस बेडेल नावाच्या ११ वर्षांच्या मुलीने ऑक्टोबर १८६० मध्ये 'चेहरा बारीक आहे, दाढी ठेवा' असं कळवलं, चार दिवसांत त्याचं उत्तर गेलं, आणि पुढे त्याने दाढी राखलीही.

हेडमास्तरांना नाराज करायचं नसेल तर खरं पत्र वाच. रॉबर्ट १८५९ मध्ये हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेत १६ पैकी १५ विषयांत आपटला होता. पुढच्या वर्षी त्याचा मित्र जॉर्ज लॅथमही नापास झाला, तेव्हा लिंकनने त्याला २२ जुलै १८६० ला स्प्रिंगफील्डहून लिहिलं. मनाशी पक्कं केलंस तर तू नापास होणारच नाहीस, असं त्यात आहे. त्यापुढचं मला जास्त आवडतं: तिथले विद्यापीठाचे अध्यक्ष भलेच गृहस्थ असणार, त्यांना जाऊन भेट, अडचण कशी दूर करायची ते तेच सांगतील.

पत्र लहान आहे, दोन-तीन मिनिटांत होईल. हेडमास्तरांकडे बघून वाच.

तुझी,
आई