मारबतीच्या दुसऱ्या दिवशी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात की मराठ्यांच्या इतिहासात नागपूर म्हणजे पुस्तकाची पुरवणी. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी सदतीस वर्षे इतिहास शिकवलेल्या माणसाने असे म्हणावे, याचे मला नवल वाटले नाही; पण काल इथे नागपूरच्या इतवारी भागात जे पाहिले, ते पुरवणीत मावणारे नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडे बेंदूर आषाढातच आटोपतो. इकडे पोळा श्रावण अमावास्येला असतो आणि दुसऱ्या दिवशी मारबत निघते. गल्लीतून मालाची हातगाडीही सरकत नाही अशा ठिकाणी माणसांच्या डोक्यांवरून एक अवाढव्य काळी बाहुली डुलत येते, मागून पिवळी येते, आणि त्यांच्यामागे बडग्यांची रांग असते. महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, ज्याचा राग आला असेल त्याचा पुतळा करून मिरवायचा आणि 'इडा पिडा, खांसी खोकला, घेऊन जा गे मारबत' असे ओरडत शहराबाहेर नेऊन जाळायचा, अशी ही रीत आहे. वर्तमानपत्राला पत्र लिहिण्यापेक्षा ही पद्धत मला अधिक परिणामकारक वाटली. निदान घसा तरी मोकळा होतो.

काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. काळी म्हणजे बाकाबाई, दुसऱ्या रघूजी भोसल्यांची राणी. ती इंग्रजांना सामील झाली आणि सत्तावन्नच्या उठावापासून तिने राजघराण्याला दूर ठेवले, हा तिच्यावरचा आरोप. आरोप खोटा आहे असे मी म्हणत नाही. परंतु बाबा, तुम्हीच शिकवलेला हिशेब मांडून पाहा. इंग्रजांची तैनाती फौज नागपुरात आणणारा १८१६चा तह कोणी केला? भोसल्यांच्याच घरातल्या अप्पासाहेबांनी. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबरच्या २६ आणि २७ तारखांना, तेच अप्पासाहेब सीताबर्डीच्या टेकडीवर त्याच इंग्रजांशी लढले आणि हरले, आणि त्या एका लढाईने त्यांच्या सहीवर कायमचे पांघरूण पडले. पुरुषाला पश्चात्तापाची सोय मिळाली. म्हातारीला मात्र दरवर्षी वाजतगाजत जाळतात. (आई, तू हे वाचून हसशील, हे मला माहीत आहे.)

त्या टेकडीवर इंग्रजांनी लढाई जिंकल्यावर किल्ला बांधला. आता तो लष्कराकडे असून, सामान्य माणसाला २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट असे वर्षातून तीनच दिवस आत जाता येते. खाली बर्डीच्या फुटपाथवर मात्र बाराही महिने दीडशे रुपयांत कुर्ती मिळते, आणि दुकानदाराशी घासाघीस करणाऱ्या बायकांची चिकाटी पाहिली की टेकडी कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न गौण वाटू लागतो.

माझे ऑफिस सिव्हिल लाइन्सच्या बाजूला आहे. १९२३ साली याच भागात तिरंगा घेऊन जायला मनाई होती. त्यामुळे १ मेपासून तुकड्या झेंडा घेऊन निघत, पुढे अडवल्या जात आणि तुरुंगात जात; जमनालाल बजाजांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रे घेतली आणि १८ ऑगस्टला मिरवणूक अखेर त्या रस्त्याने गेली. आता हिवाळी अधिवेशनात अंगणवाडी सेविकांपासून विनाअनुदानित शिक्षकांपर्यंत सर्वांचे मोर्चे निघतात, आणि सिव्हिल लाइन्समधल्या विधानभवनापर्यंत न पोहोचता अलीकडेच, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला नाहीतर टेकडी रोडला, लोखंडी कठड्यांपाशी थांबतात. शंभर वर्षांत अडवणाऱ्यांचा गणवेश बदलला, अडवण्याची दिशा बदललेली नाही. त्या दिवसांत मला ऑफिसला पोहोचायला तासभर जास्त लागतो आणि साहेब रोज तेच कारण ऐकून घेतात, कारण त्यांनाही तेच द्यायचे असते.

काल संध्याकाळी घरमालकीणबाईंना मी बाकाबाईंची बाजू समजावून सांगत होते. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घेऊन आलेल्या पोरांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, ठेवत त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तिनं काई नाई केलं म्हनता, तं मंग हे खोकले-पडसे कोनासंग पाठवाचे बाप्पा?" यावर १८१६च्या तहाचा काही उपयोग झाला नाही.

बाबा, तुमचा जुना खोकलाही मी गर्दीत उभी राहून मोठ्याने ओरडून काळीबरोबर धाडला आहे. तरीही आई करून देते तो काढा तुम्ही बंद करू नये. दिवाळीला वसुबारसेपर्यंत पोहोचते.

आपली,
धाकटी