पप्पूला विचारशील?

शुभे,

वर्ष होत आलं ना गं बोलून? रागाव, हक्क आहे तुझा. तब्येत बरी, गुडघा कुरकुरतो, बाकी काही नाही.

सोमवारचं तुलाच सांगायचंय. तिसरीतला एक पोरगा, धडा खडाखडा वाचायचा, मी वर्गाला टाळ्या वाजवायला लावायचे. सोमवारी वाऱ्याने पान उलटलं आणि हा तसाच पुढे वाचत राहिला! अख्खा धडा पाठ, शेजारच्यांचं ऐकून. मग फळ्यावर लिहून बघितलं तर 'घर'चं 'धर', 'भात'चं 'मात' आणि 'किती'पाशी गप्पच. पहिली वेलांटी आधी दिसते पण बोलायची नंतर, हे त्याला कुणी समजावलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. रात्रभर झोप नाही मला.

तुझा पप्पू आठवला गं, त्यालाही वाचता यायचं नाही. हॉस्टेलच्या गच्चीवर मी म्हणाले होते ना, आळशी आहे, दोन फटके दिले की वाचेल, आणि तू दोन दिवस अबोला धरलास, आईचं लोणचंही एकटीनेच संपवलंस (ते मी अजून विसरले नाहीये!). तूच बरोबर होतीस.

आता मधल्या सुट्टीत वीस मिनिटं त्याला घेऊन बसते. पुस्तक बंद. 'कमळ'मधला क काढला तर काय उरतं? 'मळ' म्हणायला तीन दिवस लागले, आणि म्हणाला तेव्हा स्वतःच दचकला. ताटात वाळू पसरून बोटाने घ-ध, म-भ गिरवतो, फरक शिरोरेघेपाशीच आहे, एकीकडे सलग, दुसरीकडे तुटून गाठ. बघितलंस कधी असं? मी तरी नाही.

पण बाकी बेचाळीस पोरं आहेत गं. विशेष शिक्षक येतात, त्यांच्याकडे कितीतरी शाळा. वडिलांना डिस्लेक्सियाच्या, म्हणजे हुशार असूनही वाचायला न जमण्याच्या अडचणीच्या, तपासणीचं बोलले तर म्हणे, पोराला वेडं ठरवताय का बाई. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ही अडचण आलीय, सर्टिफिकेटवर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक मिळतो, ते हवंच, पण तेवढ्याने वाचायला येत नाही, ते वर्गातच शिकवायला लागतं, आणि डी.एड.ला आपल्याला हे धड शिकवलं तरी कुणी?

तुझ्या बदलीचं काय झालं? आईंचा मोतीबिंदू झाला का काढून? छोटीला पापा.

आणि पप्पूला विचार, वाचता येत नाही हे लपवायला तो वर्गात काय काय करायचा. सगळं लिहून पाठव, बारीकसारीक पण. बेचाळिसात अजून कोण तेच करत असेल, मला बघायचंय.

तुझीच