गणपतीआधी पीयू पॉलिशची घाई नको

महोदय,

रत्नागिरीत गेली 22 वर्षं मी लाकडाला पॉलिश करतो. श्रावण लागला की फोन थांबत नाही. देव्हारा, चौरंग, झोपाळा, सगळ्यांना गणपतीआधी आरशासारखं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, हवं असतं, तेही दोन दिवसांत. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं जिवावर येतं. यंदा म्हणणार आहे, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी एका घरचा सागवानी झोपाळा केला. बाहेर मुसळधार, भिंतींना ओल. सीलर, म्हणजे लाकडाची छिद्रं भरणारा खालचा थर, आणि वरचे दोन हात मी एकाच दिवसात उरकले. सकाळी पाटावर दुधाळ झाक, आणि कड्यांजवळ खसखशीएवढे फोड. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली वाफ धरते, तीच ही झाक. फोडांचं कारण वेगळं: पॉलिश कडक व्हावं म्हणून त्यात मिसळतात त्या हार्डनरला पाणी लागलं की वायू सुटतो आणि थरातच अडकतो. सगळा पाट खरवडावा लागला. पैसे घेतले नाहीत, पण ऐन गणपतीत त्यांचा झोपाळा उघडाबोडका राहिला, हे मला अजून लागतं.

लोकांना वाटतं चकाकी डब्यातून येते. निम्म्याहून जास्त काम पॉलिशपेपरचं आहे. कोरं लाकूड आधी 180, मग 220 नंबरने, रेषेच्या दिशेनेच घासायचं. सीलर सुकला की 320. पेपरखाली पिठासारखी भुकटी निघाली तर सीलर तयार. चिकट गोळ्या धरल्या तर थांबायचं, मालक डोक्यावर उभे असले तरी. सागाची छिद्रं भरेपर्यंत असं दोन-तीनदा. मग मी डोळे मिटून तळवा फिरवतो. नजरेतून सुटलेला कण बोटाला लागतो. शेवटच्या हाताला पंखा बंद, आणि झाडू कुणी हातात घ्यायचा नाही.

आणखी एक. हार्डनरमधलं आयसोसायनेट हे रसायन छातीत गेलं तर दमा जडू शकतो. फवारणी चालू असताना लहान मुलं, म्हातारी माणसं घरात नकोत. नाकाला रुमाल बांधून काम करणाऱ्या पोरांना मालकांनीच वाफ गाळणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क घ्यायला लावावा.

देव्हारा यंदा मऊ सुती फडक्याने पुसून घ्या. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की बोलवा, आणि आठवडाभर हातात ठेवा.

आपला,
एक पॉलिश कारागीर, रत्नागिरी